पाचरीला बांधलेली नाडी

विमलताईंनी स्वतःच्या गाडीची काच स्वतःच्या हाताने फोडली, तेव्हा मी खाली पार्किंगमध्येच उभी होते. हातातली कोथिंबिरीची जुडी खाली पडली माझ्या. रविवारची सकाळ, सोसायटीतले निम्मे पुरुष गाड्या धुवायला उतरलेले. बाई शांतपणे आपल्या जुन्या पांढऱ्या गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसल्या, दार लावून घेतलं, तोंडाभोवती ओढणी गुंडाळली आणि बोटाएवढ्या लाल हातोडीने खिडकीच्या कोपऱ्यात एकच ठोका दिला. अख्खी काच सांडलेल्या साबुदाण्यासारखी खाली आली.

"अहो ताई!" मी ओरडले. "काय हे!"

त्या बाहेर आल्या, ड्रेसवरचे काचेचे कण झटकले, आणि मला नाही, पहिल्या मजल्यावरच्या म्हात्रेंना म्हणाल्या, "चालते. घ्या."

झालं होतं इतकंच, की आदल्या संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर विषय निघाला. पावसाळ्यात बदलापूरकडे रस्त्यावर पाणी भरलं आणि माणूस गाडीत अडकला तर काय करायचं? विमलताईंनी या हातोडीचा फोटो टाकला. म्हात्रेंनी खाली लिहिलं, 'एवढीशी? हिने काय फुटणार?' आणि एक हसरं तोंड. त्या हसऱ्या तोंडाला दिलेलं उत्तर आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. संध्याकाळपर्यंत सोसायटीतल्या प्रत्येक गाडीवाल्याने हातोडी मागवली होती. म्हात्रेंनी तर दोन.

मला धक्का बसायला फार काही लागत नाही, हे आमचे हे नेहमी म्हणतात. कुकरची शिट्टी जोरात झाली तरी मी छातीला हात लावते. पण विमलताईंच्या शेजारी राहायचं म्हणजे दर आठवड्याला एक धक्का ठरलेलाच. शेवटी शेवटी वाटायचं, आता या बाईचं आपल्याला काही नवल वाटणार नाही. मी मूर्ख, दुसरं काय.

अंबरनाथ पश्चिमेला आमची सहजीवन सोसायटी, चार मजले, लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावर माझ्या दारासमोर विमल गायकवाडांचं दार. इथल्याच एका पंखे बनवणाऱ्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी गेली, तीही तपासणी विभागात. पंखा फिरवायचा, ऐकायचा, पास किंवा नापास. मिस्टर जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन नाशिकला. रिटायर झाल्यावर इतर बायका तीर्थयात्रेला जातात, नाहीतर भिशी लावतात; या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेल्या. गाडी शिकल्या, सेकंडहँड गाडी घेतली आणि पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "चल संगीता, उल्हासनगरला तुझं अस्तर घेऊन येऊ." मी साड्यांना फॉल-पिको करते, परकर शिवते. मी देवाचं नाव घेत गाडीत बसले. बाई बाई बाई, काय गाडी चालवली त्यांनी! रिक्षावाले बाजूला होऊन बघत होते.

अंगाने लहानखुऱ्या. केस आखूड. सुती ड्रेस, आणि प्रत्येक ड्रेसला खिसा पाहिजेच, तो माझ्याकडूनच शिवून घ्यायच्या. खिशात टेस्टर, एक छोटा टॉर्च आणि श्रीखंडाच्या गोळ्या. घरात शिरलं की समोर बुद्धाची तसबीर, आणि तिच्याखाली टेबलावर परीक्षेला बसलेल्या वस्तू: नळाची चाळणी, चार्जिंगचा लायटर, लसूण सोलायची नळी, गाडीच्या चाकात हवा भरायचा पंप. नवीन वस्तू घ्यायची तर आधी विमलताई, हा आमच्या सोसायटीचा कायदा. नवराबायकोत वॉशिंग मशीनच्या स्टँडवरून भांडण झालं तरी निकाल तिसऱ्या मजल्यावरून यायचा.

निकाल तीनच. "घ्या." "नका घेऊ." आणि "थांबा." थांबा म्हणजे वस्तू वापरात आहे. महिना झाल्याशिवाय त्या कुणालाही, कशालाही हो म्हणत नसत. "पहिले आठ दिवस सगळ्याच वस्तू गोड बोलतात," म्हणायच्या. "महिना जाऊ दे. मग कळतं."

विजेवर पोळ्या करायचं यंत्र आलं तेव्हा मी तर मागे लागले होते त्यांच्या, लवकर सांगा, ऑफर संपतेय. महिनाभर त्यांनी ते वापरलं, रोज मला त्यातली एक पोळी दिली, तोंडाने एक शब्द नाही. महिन्याने ग्रुपवर निकाल आला: 'नका घेऊ. पोळी म्हणतात, पापड होतो.' आमच्या ह्यांनी एकदा सीटबेल्टच्या खाचेत घालायची क्लिप आणली, पट्टा न लावता गाडी गप्प बसते ती. विमलताईंना मोठ्या हौसेने दाखवायला गेले. त्यांनी ती हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि सरळ गॅलरीतून खाली गटारात टाकली. आमचे हे आ वासून बघत राहिले.

"अहो ताई, माझी होती ती!"

"म्हणूनच टाकली," त्या म्हणाल्या. "चहा घेणार?"

उल्हासनगरला कॅम्पातल्या ज्या दुकानातून त्या वस्तू आणायच्या, तिथला सिंधी शेठ त्यांना बघितलं की कपाळाला हात लावायचा. खोका उघडून घेणार, बॅटरी तिथेच घालून बघणार, आणि टॉर्च असेल तर काउंटरवरून मुद्दाम खाली पाडणार. "मौसी," तो एकदा माझ्यासमोर कळवळून म्हणाला, "तुम माल लेने आती हो या इम्तिहान लेने?" मला वाटलं, हा आता आम्हाला बाहेर काढतो. तर निघताना त्याने हळूच आतून एक खोका आणला आणि कुणी ऐकत नाही ना बघत विचारलं, "मौसी, ये नया आया है. चलेगा क्या? माल उठाऊँ?" बाईंनी खोका पिशवीत टाकला आणि म्हणाल्या, "रुको."

या बाईंची कुणाला भीड नव्हती तर ती फक्त दुसऱ्या मजल्यावरच्या नानांना. नाना भोईर इथलेच, बापजाद्यांची भातशेती होती त्यांची, तिच्या आजूबाजूला गाव वाढत वाढत शेवटी शेतावरच आलं. बायको गेलेली, मुलगा वांगणीला उरलेली जमीन बघायचा. म्हातारा एकटा, पण जिन्यात बसून सगळ्यांची खबर ठेवायचा. विमलताई दिसल्या की ठरलेली हाक, "काय गो विमल, आज कोनाला नापास केलंस?" त्याही थांबायच्या, खिशातून गोळी काढून द्यायच्या. दोघांत बहीणभावासारखं होतं. नाना कधी म्हणायचे नाहीत, पण विमलताईंनी सांगितलेली वस्तू त्यांच्या घरात सगळ्यांच्या आधी यायची.

आमच्याकडे आणखी एक रीत होती. एकट्या राहणाऱ्याने आतून कडी लावायची नाही. नुसतं लॅचचं कुलूप, आणि त्याची एक किल्ली समोरच्या घरात. पडलं-झडलं तर कुणाला तरी आत जाता आलं पाहिजे ना. विमलताईंची किल्ली माझ्याकडे, नानांची त्यांच्या समोरच्या रेश्माकडे. किती वर्षं बिनघोर चाललं होतं.

मग मागच्या गल्लीत भरदुपारी चोरी झाली. एकट्या म्हातारीच्या घराचं लॅच चोराने बाहेरून पट्टी सरकवून उघडलं. म्हातारी झोपलेली होती, वाचली. पण आमच्या सोसायटीची झोप उडाली. सगळे एकटे राहणारे म्हणायला लागले, आम्ही कडी लावणार. विमलताई म्हणाल्या, "कडी नको. थांबा."

आणि त्यांनी ती पाचर आणली.

लाकडी पाचर असते ना दाराखाली सरकवायची, तशीच, पण प्लास्टिकची, आत बॅटरी. रात्री दाराच्या आतल्या बाजूला फटीत सरकवून ठेवायची. बाहेरून कुणी दार ढकललं की दार पाचरीवर चढतं, अडकतं, आणि पाचर असा भोंगा वाजवते की मेलेला उठून बसेल. आतून उघडायची तर सोपी, पायाने मागे ओढली की झालं. कडीसाठी म्हाताऱ्यांना हात वर करावा लागतो, तेही नको. विमलताईंनी महिनाभर वापरली. मग आमचे हे, म्हात्रे आणि आणखी दोघे धडधाकट पुरुष बोलावून बाहेरून दार ढकलायला लावलं. चौघे घामाघूम झाले, दार तसूभर हललं नाही, आणि भोंग्याने चौथ्या मजल्यावरची माणसं खाली आली. आम्ही हसून हसून बेजार. नाना जिन्यातून ओरडले, "पास केली काय गो?"

"पास," विमलताई म्हणाल्या. "घ्या."

जो जो एकटा राहणारा होता त्याने त्याने घेतली. नानांची तर त्यांनी स्वतः आणून दिली, बसून शिकवली, झोपताना लावायची, सकाळी काढायची. बाहेरून ढकलणारा म्हणजे चोर, एवढंच आमच्या सगळ्यांच्या डोक्यात. त्यांच्याही.

ती सकाळ मला आठवायची नसते. मी कणीक मळत होते. खालून रेश्माची किंकाळी आली, "संगीताताई! नाना आतून वाजवतायत!"

आम्ही धावलो. खरंच आतून ठक ठक आवाज येत होता, स्टीलचा पेला फरशीवर आपटल्याचा. नाना पडले होते आणि त्यांना बोलता येत नव्हतं. रेश्माने किल्ली फिरवली, लॅच उघडलं, दार बोटभर आत गेलं आणि भोंगा सुरू झाला. पाचर अजून काढलेली नव्हती. आमच्या ह्यांनी खांदा लावला. म्हात्रे आले, दूधवाला आला. जितकं ढकलावं तितकी ती घट्ट बसत गेली. तिचं कामच ते! विमलताई ओल्या केसांनी जिना उतरत आल्या आणि ओरडायला लागल्या, "ढकलू नका! अरे ढकलू नका, दार मागे ओढा!" पण त्या भोंग्यात कुणाला काय ऐकू येणार? शेजारच्या बांधकामावरून पहार आणली तेव्हा कुठे बिजागऱ्या उखडल्या.

त्याच्या आधीच पेल्याचा आवाज थांबला होता.

नाना स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात होते, अंग गरम होतं अजून. डॉक्टर आले, नाडी बघितली आणि म्हणाले, "थोडं आधी..." इतकं सगळं झालं तरी भोंगा वाजतच होता. विमलताई पडलेल्या दाराशेजारी मांडी घालून बसल्या, पाचर हातात, आणि तिचं बटण शोधत होत्या. अख्ख्या सोसायटीला ज्यांनी ते बटण दाखवलं होतं त्यांना ते सापडेना. शेवटी मी ती हातातून घेतली आणि बॅटरी काढली. माझ्या कानात तो आवाज संध्याकाळपर्यंत राहिला.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर त्यांचा मेसेज आला. 'पाचर कुणीही वापरू नका. मी चुकीचं सांगितलं. घरी येऊन परत घेते.' वाचून मी सुन्न झाले. इतक्या वर्षांत त्यांनी शब्द कधी मागे घेतला नव्हता. कापडी पिशवी घेऊन बाई घरोघरी गेल्या. मीही बरोबर होते, कारण त्यांना एकटीला सोडवेना. लोक समजूत घालत होते. म्हात्रे म्हणाले, "ताई, नानांची वेळच आली होती हो. तुम्ही काय करणार?"

"वेळ नव्हती आली," त्या म्हणाल्या. "मी पाठवली ती पाचर आली होती."

म्हात्रेंचं तोंड एवढंसं झालं. नानांचा मुलगा वांगणीहून आला होता, त्याच्याही पुढे जाऊन उभ्या राहिल्या. "मला शिव्या दे," म्हणाल्या. तो बिचारा रडायलाच लागला. त्याने त्यांना धरून खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. शिव्या कुणीच देत नव्हतं, आणि त्यांना तेच सहन होत नव्हतं.

सगळ्यात शेवटी रेश्माचं दार. रेश्मा उल्हासनगरला औषधांच्या दुकानात कामाला, लहान मुलगी घेऊन नवऱ्यापासून वेगळी राहायची. विमलताईंनी पिशवी पुढे केली. रेश्मा जागची हलली नाही.

"नाही देणार ताई."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "अगं रेश्मा," मी म्हटलं, "किल्ली तूच फिरवलीस ना काल? तुझ्या डोळ्यांसमोर गेले ना गं नाना!"

"हो. माझ्या समोर." तिचे डोळे सुजलेले होते. "तरी नाही देणार. तुम्हाला माहितीये तो दारू पिऊन येतो. याआधी दोनदा लॅच उघडून आत आलाय, कडी लावली तर लाथा घालून कडीच उपटली त्याने. ही पाचर लावल्यापासून आला, भोंगा वाजला, पळून गेला. मला झोप लागते आता ताई. माझ्या पोरीला झोप लागते. तुम्ही चुकीचं नाही सांगितलं."

विमलताईंनी पिशवी खाली घेतली. मग विचारलं, "आणि तू पडलीस तर? आत पोर एकटी?"

रेश्माने मागे वळून घरात पोरीकडे पाहिलं. मला तर रडूच फुटलं. शेवटी विमलताई एवढंच म्हणाल्या, "थांब. तुझ्यासाठी काहीतरी काढते."

पुढे कितीतरी दिवस ग्रुपवर त्यांचा एक शब्द नाही. लोक विचारायचे, ताई, हा पंप कसा? ताई, ही जाळी टिकते का? उत्तर नाही. सोसायटी पोरकी झाल्यासारखी झाली होती. मग एक दिवस माझ्याकडे आल्या. "संगीता, परकराची नाडी आहे का गं? सुती नको, नायलॉनची. लांब पाहिजे." मला बरं वाटलं, म्हटलं बाई ड्रेस शिवायला लागल्या वाटतं. अख्खं बंडल दिलं.

त्यानंतर एका दुपारी समोरून धप्पकन आवाज आला. मशीन तसंच टाकून किल्ली घेतली, समोरच्या लॅचला लावली, फिरवली, आणि ढकलणार तेवढ्यात आतून करड्या आवाजात, "ढकलू नकोस! आधी हाक मार!"

"ताई?" मी रडवेली झाले होते.

"परत मार. जोरात."

"ताई!"

आत फरशीवरून काहीतरी खरखरत गेल्याचा आवाज आला. "आता ढकल."

दार अलगद उघडलं. बाई बाथरूमच्या दाराशी जमिनीवर आडव्या, डोक्याखाली उशी, हातात माझी नाडी. ती नाडी भिंतीच्या कडेने, वायर लावायच्या क्लिपांमधून, बाथरूमपासून पलंगापर्यंत आणि पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत सगळ्या घरात फिरवलेली. तिचं टोक पाचरीला बांधलेलं. कुठेही पडलं तरी हाताला नाडी लागेल, ओढली की पाचर दारापासून सुटेल.

"पडून बघत होते," त्या म्हणाल्या. "पलंगाजवळून येते. स्वयंपाकघरातून येते. इथून जरा जड जातं."

मी संतापलेच. "तुम्हाला लाज नाही वाटत? माझा जीव गेला असता! वय काय तुमचं, पडून कसल्या बघताय!"

"मग दुसरं कोण पडून बघणार?" त्या हाताला धरून उठत म्हणाल्या. "रेश्माला सांगू, तू पड?" मग मला समोर बसवून शिकवलं. आधी हाक. मग कान दाराला. पाचर सरकल्याचा आवाज आला की किल्ली. ढकलायचं अगदी शेवटी, कारण एकदा ढकललं की पाचर बसली. "नानांच्या वेळी आपण आधीच ढकललं," त्या हळू म्हणाल्या. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच त्यांनी नानांचं नाव घेतलं. डोळे पुसले आणि चहा टाकायला उठल्या.

"मग रेश्माला कधी देताय?" मी विचारलं.

"महिना होऊ दे."

मी म्हटलं, अहो ताई, आता कसला महिना, चालतंय की. पण नाही. रोज झोपताना पाचर लावायच्या, रोज सकाळी पलंगावरून नाडी ओढून काढायच्या. एकदा नाडी क्लिपेत अडकली, तर क्लिप बदलली. एकदा गाठ सुटली, तर माझ्याकडून शिवून घेतली. मला ते सगळं वेडेपणाचं वाटायचं, आणि त्यांचा थोडा रागही यायचा, रेश्मा रोज जिन्यात आशेने विचारायची म्हणून. पण बाईंच्या चेहऱ्यावर रंग परत आला होता. नानांच्या बंद दारासमोरून जाताना आता त्या मान खाली घालत नव्हत्या.

मग ती सकाळ. त्यांच्या दाराला दुधाची पिशवी तशीच लटकलेली. मी दूध तापवून, ह्यांचा डबा भरून परत बाहेर आले तरी पिशवी तिथेच. किल्ली आणली, लॅचला लावणार, आणि हात थांबला. आधी हाक.

"ताई!"

काही नाही. कान दाराला लावला. "ताई! विमलताई!" माझा आवाज फाटला. जिन्यातून म्हात्रे आले आणि दाराला खांदा लावायला निघाले. मी त्यांना दोन्ही हातांनी मागे लोटलं. "नाही! अजिबात हात लावायचा नाही!" खरं सांगते, तेवढ्या वेळात माझ्या मनात आलं की मी चुकतेय, आत त्या जातायत आणि मी हाका मारत बसलेय.

"ताई, नाडी ओढा!"

आणि आतून आवाज आला. फरशीवर काहीतरी सरकलं. थोडंसं. थांबलं. परत सरकलं.

मी किल्ली फिरवली. दार अलगद उघडलं, भोंगा वाजला नाही.

त्या बाथरूम आणि हॉलच्या मध्ये पडल्या होत्या. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात अंगाखाली निर्जीव. डाव्या हाताला नाडी गुंडाळलेली, दोन-तीन वेढे, बोटं पांढरी पडलेली. डोळे उघडे होते. मी खाली बसले, डोकं मांडीवर घेतलं, तोंडाने नुसतं ताई ताई. त्या काहीतरी बोलत होत्या. मी कान जवळ नेला. शब्द तुटत होते, पण कळले मला.

"महिना... झाला?"

झाला नव्हता. आणखी थोडे दिवस राहिले होते.

"झाला ताई," मी म्हटलं. "झाला महिना."

त्यांनी डोळे मिटले, परत उघडले. "मग... घ्या."

विमलताई दवाखान्यातून परत आल्या नाहीत. मुलगी नाशिकहून वेळेत पोचली, तिला त्या भेटल्या, तिच्याशी डाव्या हाताने बोलल्या. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलंत म्हणून एवढं तरी मिळालं. मी हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं आणि दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून ओक्साबोक्शी रडले.

पण मला त्या आठवतात त्या दवाखान्यातल्या नाहीत, जिन्यातल्या. लिफ्ट नाही, म्हणून आमच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून चौघांनी उचललं होतं. ज्यांनी पाचरीच्या परीक्षेच्या दिवशी तिच्यावर ताकद लावून बघितली होती तेच चौघे. नाडी सोडवायला वेळ नव्हता, बाईही मूठ उघडत नव्हत्या, म्हणून आमच्या ह्यांनी पाचरीकडचं टोक ठेवून बाकीची कात्रीने कापली. पाचर त्यांच्या डाव्या हातातून खाली लोंबत होती आणि प्रत्येक पायरीला खुर्चीच्या पायावर आपटत होती.

दुसऱ्या मजल्यावर रेश्मा दारात उभी होती, कामाला निघालेली, खांद्याला पर्स. आम्हाला बघून ती भिंतीला टेकली. विमलताईंनी डावा हात जरा वर केला. खुर्ची धरणारे थांबले. त्यांची मूठ हळूहळू उघडली. रेश्मा पुढे आली, दोन्ही हातांनी तिने ती पाचर घेतली, आणि बोटांवरचे नाडीचे वेढे एकेक करून सोडवले. मग आम्ही खाली उतरलो. गाडी दारात लावलेली होती, त्यांचीच, आणि मागच्या खिडकीला नवी काच होती.